तुम्ही विचारलंत म्हणून: बाळ हुशार व्हावं म्हणून काय द्यावं?

तान्ह्या बाळांच्या मेंदूच्या वाढीचा अभ्यास करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. लग्नात, एसटीत, कुठेही. “बाळ हुशार व्हावं म्हणून काय द्यावं हो?” कुणाला टॉनिकचं नाव हवं असतं, कुणाला गुटीत बदामाचे वेढे किती द्यायचे ते. मी उलट विचारते, बाळाची आई काय जेवते? लग्नाआधी काय जेवायची? मग समोरचा माणूस जरा गोंधळतो.

यामागे आमच्याच जिल्ह्यातलं काम आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली जवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. दिवस जाण्याआधीपासून बायकांची नोंद ठेवायची, आणि पुढे त्यांच्या मुलांची. गरोदरपणी त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश बायकांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. मुलं नऊ वर्षांची झाल्यावर काहींच्या चाचण्या घेतल्या. आईचं बी-१२ फार कमी होतं ती मुलं लक्ष टिकवण्याच्या चाचणीत आणि ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने सांगण्यात मागे पडली. अशी मुलं अंगणात खेळताना पाहिली तर कुणालाही काही वेगळं जाणवणार नाही. मला याचीच जास्त काळजी वाटते, कारण दिसत नाही ते कुणी दवाखान्यात नेत नाही.

मेंदूतल्या तंतूंवर एक स्निग्ध वेष्टण चढत जातं, त्यामुळे संदेश वेगाने धावतात. त्यासाठी बी-१२ लागतं. आणि गर्भात मेंदू नि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. पाळी चुकली, चाचणी केली, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, तोवर हे काम उरकलेलं असतं. तेव्हा त्या बाईच्या अंगात जे आधीपासून साठलेलं असेल त्यावरच बाळाला भागवावं लागतं. बी-१२ भाजी-भाकरीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटणात असतं.

बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी बसवलेल्या चाचणीची पेटी घेऊन मी गावोगाव जाते. एका घरी नऊ महिन्यांच्या बाळासमोर खुळखुळा ठेवला आणि त्याच्या देखत रुमालाने झाकला. बाळाने आधी रुमालाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. आईला बोटाने दाखवायची मनाई असते, ती बिचारी पदर मुठीत धरून बसलेली. बाळाने रुमाल ओढला आणि ती इतकी हसली! नंतर तिने चहा आणला. मला दुधाचा, स्वतःला कोरा. गोठ्यात दोन म्हशी होत्या, दूध सकाळीच डेअरीला गेलं होतं. असा कोरा चहा मी फार घरांतून पाहिला आहे. घरची सून शेवटी जेवते, तिच्या वाट्याला आमटीचा तळ येतो, आणि मग बाळासाठी महागडं टॉनिक विकत आणलं जातं. याचा मला मनापासून राग येतो.

त्याच सहा गावांच्या अभ्यासातल्या मुली मोठ्या झाल्यावर, २०१२ पासून, त्यांच्यातल्या काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं गेलं, लग्नाआधीपासून ते बाळंतपणापर्यंत. त्यांची बाळं दोन-तीन वर्षांची झाल्यावर समज आणि भाषा या दोन्हींत, दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी मिळालेल्या मुलींच्या बाळांपेक्षा पुढे होती. बाळांची संख्या मोठी नव्हती, म्हणून मी हा शेवटचा शब्द मानत नाही. पण दिशा मला पटते.

“मग बाळाला काहीच नको?” असं आजी विचारतातच. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, गुटीसुद्धा नको. सहाण नीट धुतलेली नसली तर जुलाब ठरलेले. पुढे वरचं खाणं आणि लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या जवळपास ६९ टक्के मुलांना रक्तक्षय होता, आणि वाढत्या मेंदूला लोह कमी पडलं तर ती उणीव नंतर सहज भरून निघत नाही. लोहाचं औषध आशाताईंकडे फुकट मिळतं, आठवड्यातून दोनदा एक मिली. मागून घ्या. आणि बाळाशी बोला, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, त्याचं ‘अं’ आलं की उत्तर द्या.

घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी असेल तर तिचं हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. कमी निघालं तर डॉक्टर गोळी देतील, ती फार महाग नसते. अंडं चालत असेल तर अंडं द्या. चालत नसेल तर दूध डेअरीला घालण्याआधी तिचा पेला बाजूला काढा, आणि सुनेचाही.