सेकंदाला अठरा चित्रे : बाबांची सुपर ८ रिळे डिजिटल करताना

बाबा गेल्यानंतर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सुपर ८ ची, म्हणजे घरगुती चित्रीकरणाच्या आठ मिलिमीटर रुंद फिल्मची, अकरा रिळे निघाली. १९७४ ते १९७९ या काळात त्यांनी ती घरीच चित्रित केली होती आणि प्रोजेक्टर बिघडल्यापासून ती कोणीही पाहिलेली नव्हती. ती डिजिटल करून घ्यायला मला सात महिने लागले. त्यातले पहिले चार महिने वाया गेले, आणि त्याचे कारण सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

दोन डबे उघडताच व्हिनेगरचा आंबट वास आला. फिल्मचा ॲसिटेट या प्लास्टिकचा पाया दमट हवेत विघटित होऊ लागला की त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि फिल्म आकसून ठिसूळ होते. ही क्रिया थांबवता येत नाही, थंड आणि कोरड्या जागी ठेवून फक्त मंदावता येते. त्या वाफेने शेजारच्या रिळांनाही बाधा होते, म्हणून ती दोन रिळे मी त्याच दिवशी वेगळी केली. जुना प्रोजेक्टर दुरुस्त करून एकदा लावून पाहण्याचा मोह झाला होता, पण आकसलेल्या फिल्मची छिद्रे प्रोजेक्टरच्या दातांवर नीट बसत नाहीत आणि ती फाटते, हे वेळेवर कळले.

पहिल्या स्टुडिओने महिनाभरात काम होईल असे सांगून चार महिन्यांनी एका पेनड्राइव्हवर अकरा फाइली दिल्या. रंग छान आले होते. आईला समोर बसवून पहिली फाइल लावली. आजी अंगणात तुळशीला पाणी घालते, पदर सावरते आणि ओसरीकडे परत येते, एवढेच ते दृश्य. आई लगेच म्हणाली, "अरे, सासूबाई अशा तुरुतुरु कधीच चालल्या नाहीत. त्यांचा गुडघा दुखायचा."

आईचे बरोबर होते. सुपर ८ च्या पन्नास फुटांच्या एका रिळात सुमारे ३,६०० चित्रे असतात आणि घरगुती कॅमेरे ती सेकंदाला १८ या गतीने टिपत असत, म्हणजे एक रीळ ३ मिनिटे २० सेकंद चालायला हवे. माझी प्रत्येक फाइल २ मिनिटे २४ सेकंदांची होती. स्टुडिओने सगळी चित्रे सेकंदाला २५ या व्हिडिओच्या गतीने लावून टाकली होती. स्कॅन केलेली सुटी चित्रे मागितली, तर ती पुसून टाकल्याचे उत्तर मिळाले.

मूकपटांतली माणसे धावपळ करताना आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती तशी चालत नव्हती. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याची गती छायाचित्रकाराच्या मनगटावर ठरत असे, आणि सेकंदाला २४ चित्रांचा नेम बोलपटाबरोबर, म्हणजे आपल्याकडे १९३१ च्या 'आलम आरा'पासून, पक्का झाला. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचे रोप उगवताना एकेक चित्र थांबून थांबून टिपले होते. चित्रांमधले अंतर हेच या कलेचे मूळ द्रव्य आहे, हे त्यांना पहिल्यापासून उमगले होते. ते अंतर बदलले की माणूसही बदलतो, असे मला आजीला पाहून वाटले.

दुसऱ्या ठिकाणी मी लेखी अटी घातल्या : दात नसलेला स्कॅनर, प्रत्येक चित्राची स्वतंत्र फाइल, आणि गती आम्ही ठरवू. त्या तंत्रज्ञांनी हातमोजे घालून, उजेडाच्या टेबलावर प्रत्येक रीळ हळूहळू उलगडून पाहिले. बाबांनी फिल्म सिमेंटने, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रावाने, केलेले जोड सुटत होते, ते टेपने नव्याने जोडले. अकरा रिळांची ३९,६०० चित्रे अर्ध्या टेराबाइटच्या आसपास भरली. त्यांच्या तीन प्रती मी केल्या असून एक बहिणीकडे नागपूरला आहे.

उरला प्रश्न गतीचा. बाबांच्या कॅमेऱ्यावर १८ आणि २४ अशा दोन खुणा होत्या, तेव्हा सरसकट १८ धरणेही चूक ठरले असते. तिसऱ्या रिळात माजघरातले लंबकाचे घड्याळ दिसते. तेच घड्याळ आजही त्याच भिंतीवर आहे. मोबाइलवर वेळ लावून मोजले, तर लंबकाच्या दहा येरझाऱ्यांना दहा सेकंद लागत होते. मग फिल्ममधल्या दहा येरझाऱ्यांची चित्रे एकेक करून मोजली. ती १८१ भरली. त्या संध्याकाळी मी आणि आई त्या घड्याळासमोर बराच वेळ उभे होतो.

नऊ रिळांची गती अशी चालण्यावरून, पडणाऱ्या पाण्यावरून आणि त्या लंबकावरून १८ ठरली. दहावे २४ चे निघाले, कारण डब्यावर बाबांनी पेन्सिलीने तसे लिहून ठेवले होते. अकराव्यात फक्त हर्णैचा समुद्र आहे, माणूस नाही आणि घड्याळही नाही. लाटा दोन्ही गतींना खऱ्या वाटतात. ते मी १८ वर ठेवले आहे आणि सोबतच्या टिपणात हा अंदाज असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. सुटी चित्रे जशीच्या तशी आहेत, त्यामुळे पुढे कोणाला पुरावा सापडला तर गती बदलता येईल.