वादळाच्या रात्री बंद पडलेला सर्व्हर

१० मे २०२४, अक्षय्य तृतीया. महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये माझी रात्रपाळी होती. ११ मेच्या पहाटे साडेतीनला एका ग्राहकाचा सर्व्हर थांबला: मेमरीत दुरुस्त न होणारी चूक.

सकाळी फोनवर लडाखमधल्या हानलेच्या लाल आकाशाचे फोटो फिरू लागले. सूर्यावरच्या स्फोटांमुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघतं, ते भूचुंबकीय वादळ; २००३ नंतरचं सर्वांत तीव्र वादळ आलं होतं. पाळी बदलायला आलेला पोरगा म्हणाला, "दादा, कारण मिळालं की! रिपोर्टमध्ये सौरवादळ लिहून टाका." साहेबांनाही ते पटलं. सूर्याशी कोण भांडणार?

मला पटेना. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे मेमरीतला बिट, म्हणजे साठवलेला एखादा शून्य किंवा एक, उलटतो, हे खरं. आकाशगंगेतून आलेले प्रोटॉन वातावरणावर आदळतात, त्यातून निघालेला एखादा न्यूट्रॉन चिपमध्ये शिरतो आणि शून्याचा एक होतो. २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेकला संगणकीय मतदानात एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दिसली. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, नेमका एक बिट. तिथे यंत्रात दोष सापडला नाही, म्हणून किरणांवरचा संशय रास्त होता.

पण सूर्य खवळला की हे किरण वाढत नाहीत, घटतात! सूर्यावरून सुटलेला प्लाझ्माचा लोट आपलं चुंबकीय क्षेत्र सोबत आणतो आणि बाहेरून येणाऱ्या किरणांना वाटेतच परतवतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ स्कॉट फोर्बुश यांनी १९३७ मध्ये ही घट दाखवून दिली. अकरा वर्षांच्या सौरचक्रातही तेच, सूर्यावर डाग जास्त तेव्हा किरण कमी. सूर्य स्वतःही वेगवान कण फेकतो, ११ मेला तसे कण ध्रुवाकडच्या केंद्रांवर नोंदलेही गेले. पण विषुववृत्ताजवळच्या आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांतले बहुतेक अडवतं.

मग मी लॉग, म्हणजे सर्व्हरच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, उघडले. किरणामुळे झालेली चूक सहसा एकदाच दिसते; त्या जागी नवं लिहिलं की संपली. इथे ९ मेच्या सकाळपासून मेमरीच्या एकाच स्लॉटमध्ये (खाचेत), त्याच पत्त्यावर चुका होत होत्या. एका बिटची चूक यंत्र आपली आपण सुधारतं, म्हणून त्या इशाऱ्यांकडे कुणी पाहिलं नव्हतं. मीही नाही. दोन बिट एकदम बिघडले तेव्हा यंत्र थांबलं. रॅमची ती पट्टी काढून चाचणीच्या सर्व्हरमध्ये बसवली. अर्ध्या तासात तीच चूक.

रिपोर्टमध्ये सदोष पट्टी आणि दुर्लक्षित इशारे, दोन्ही लिहिलं. साहेबांनी सही करायला संध्याकाळ लावली. त्या आठवड्यात जुने लॉग चाळले, तर आणखी दोन पट्ट्या तशाच निघाल्या.