आमची वाटचाल : थंडीतली रिकामी टोपली

निफाड तालुक्यात कडाक्याची थंडी पडली की द्राक्षबागायतदाराला झोप येत नाही. पारा पाच अंशांच्या खाली उतरल्यावर मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांत शेकोट्या पेटतात आणि ठिबकने पाणी सोडले जाते. त्याच थंडीत परसातल्या कोंबड्याही अंडी देणे थांबवतात, याची मात्र कोणी फारशी दखल घेत नाही. आमच्या व्यवसायाचा पहिला हिवाळा त्या बेदखल गोष्टीनेच गाजवला.

सासूबाईंच्या 14 गावरान कोंबड्यांपासून आम्ही सुरुवात केली. घरात खाऊन उरलेली अंडी मी नाशिकमधल्या नऊ घरांना पोहोचवत असे. मागणी वाढल्यावर गावातल्या आणखी 11 घरांतील बायकांकडून अंडी घेऊ लागले. त्या वर्षी दिवाळीला रोज साठच्या आसपास अंडी जमत होती. डिसेंबरच्या मध्यावर वीसही जमेनात. ज्यांनी महिन्याचे पैसे आगाऊ दिले होते, त्यांना रोज फोन करून क्षमा मागणे एवढेच काम उरले.

थंडीने कोंबड्या आखडल्या, असे सगळेच म्हणत होते आणि मलाही ते पटले. मी खुराड्याला चारही बाजूंनी प्लास्टिकचा कागद गच्च बांधला आणि आत 100 वॅटचा पिवळा दिवा लावला. आठव्या दिवशी पहाटे दार उघडले, तर उग्र वासाने माझेच डोळे चुरचुरले. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब लोंबत होते, खालचे तूस चिखलासारखे झाले होते आणि दोन कोंबड्या चोच उघडी ठेवून घरघरत होत्या. दवाखान्यातील पशुवैद्यक आले आणि त्यांनी आधी तो कागद फाडला. ते म्हणाले, “ताई, कोंबडीचे अंग 41 अंशांचे असते आणि पिसांची गोधडी तिने पांघरलेलीच आहे. तिला कोरडी गादी द्या, वरून हवा खेळू द्या आणि उजेड वाढवा.”

उजेडाचे गणित मला तेव्हा समजले. आपल्याकडे जूनमध्ये दिवस 13 तासांहून थोडा मोठा असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो जेमतेम 11 तासांचा उरतो. कोंबडीला अंड्यावर राहण्यासाठी, म्हणजे अंडी देत राहण्यासाठी, साधारण 14 तास प्रकाश लागतो, कारण डोळ्यांतून आणि कवटीतूनही मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशावर तिच्या अंडाशयाचे काम चालते. म्हणून आता कोजागरीनंतर प्रत्येक खुराड्यात नऊ वॅटचा पिवळसर एलईडी दिवा लागतो. दर आठवड्याला अर्धा तास वाढवत डिसेंबरपर्यंत तो पहाटे चार ते सूर्योदय असा चालू राहतो. हा वाढीव उजेड आम्ही संध्याकाळी मुद्दाम देत नाही, कारण दिवा एकदम विझला की दांडीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात चाचपडत राहतात आणि एकमेकींना तुडवतात.

दिवा लावणे सोपे होते, तो रोज त्याच वेळी लागणे अवघड. गावच्या विजेचा भरवसा नाही आणि सलग काही दिवस उजेड चुकला की चांगल्या चालू कोंबड्याही पिसे झाडू लागतात. दुसऱ्या हिवाळ्यात रोहित्र जळाल्यामुळे आमचे तीन आठवडे असेच वाया गेले. तेव्हापासून प्रत्येक घरी टायमरसोबत बॅटरीवर चालणारा दिवा आम्ही आमच्या खर्चाने बसवतो. हिशेबाच्या वहीत हा खर्च आजही जड दिसतो, पण त्यावर मी कधी घासाघीस केलेली नाही.

सगळ्याच कोंबड्यांना मात्र आम्ही दिवा लावत नाही. दीड वर्षाच्या पुढची कोंबडी शरद ऋतूत पिसे झाडते. तिच्या खाण्यातले प्रथिन नव्या पिसांत जाते आणि अंड्याला उरत नाही. तिला ती विश्रांती मिळावी, असे माझे मत आहे, मग टोपली थोडी हलकी राहिली तरी चालेल. कोणती कोंबडी चालू आहे, हे सासूबाई हातानेच ओळखतात. कोंबडी काखेत धरून तिच्या शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये त्या बोटे ठेवून पाहतात. दोन-तीन बोटे सहज मावली, तुरा लाल आणि ऊबदार लागला, तर ती अंड्यावर असते. एकच बोट मावले आणि तुरा फिका, सुकलेला दिसला, तर तिची रवानगी दिवा नसलेल्या खुराड्यात होते.

हिवाळ्याच्या टोपलीची खरी पेरणी उन्हाळ्याच्या शेवटी होते, हे कळायला आम्हाला चार वर्षे लागली. वनराजासारख्या सुधारित जातीची तलंग, म्हणजे अजून अंडी न देणारी तरुण कोंबडी, साधारण 24 ते 26 आठवड्यांनी अंड्यावर येते. गावरान तलंगेला थोडे अधिक दिवस लागतात. मेच्या अखेरीस आणलेली पिल्ले मानमोडीच्या लसी वेळेवर देऊन पावसाळ्यातून सांभाळली, की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नेमकी अंड्यावर येतात आणि पहिल्या हिवाळ्यात जुन्या कोंबड्यांसारखी रुसत नाहीत. पूर्वी आम्ही गणपतीनंतर पिल्ले घेत होतो आणि मग ऐन थंडीत दाणा खाणारी, पण अंडी न देणारी पोरे सांभाळत बसत होतो.

खाद्यात फार क्लृप्त्या केल्या नाहीत. संध्याकाळी प्रत्येकीला मूठभर अख्खा मका मिळतो, कारण रात्र मोठी असते आणि दाणा पचताना अंगात ऊब राहते. शिंपल्यांचा चुराही आम्ही संध्याकाळीच ठेवतो, कारण कवच मुख्यतः रात्री तयार होते. सकाळचे पाणी कोमट असते. गार पाण्याला कोंबडी नुसती चोच लावते आणि अंड्याचा तीन-चतुर्थांश भाग तर पाणीच असतो. लासलगाव जवळ असल्याने फुकटच्या कांद्याचे ढीग दिसतात, पण कांदा जास्त झाला तर कोंबडीचे रक्त कमी होते, म्हणून तो आम्ही खुराड्याजवळ फिरकू देत नाही.

एका टंचाईत नाशिकच्या एका व्यापाऱ्याने पोल्ट्रीतली तपकिरी अंडी गावरान म्हणून खपवण्याचा सल्ला दिला होता आणि पहिली गाडी उधारीवर पाठवण्याची तयारीही दाखवली होती. मी ती घेतली नाही. त्या महिन्यात सहा ग्राहक सुटले, त्यातले दोन अद्याप परतलेले नाहीत. त्यानंतर आम्ही दसऱ्यालाच प्रत्येक घराला हिवाळ्याचा कोटा लिहून देऊ लागलो. मार्गशीर्षातल्या गुरुवारांमुळे अनेक घरांत अंडे वर्ज्य असते, त्यामुळे सर्वांत लहान दिवसांच्या सुमारास मागणीही थोडी नरमते. पौष लागला की मात्र फोन पुन्हा सुरू होतात.

आज 38 घरांच्या परसांतून अंडी येतात. गेल्या डिसेंबरमध्ये दिवाळीच्या तुलनेत तूट चौथ्या हिश्श्याइतकीच राहिली. यंदाच्या 400 पिल्लांची मागणी नोंदवून झाली आहे. सासूबाईंनी त्यांच्या खुराड्यात टायमर बसवू दिलेला नाही. त्या स्वतः पहाटे चारला उठून बटण दाबतात.