जारलांड: कोळशाच्या पोटावर बसलेलं राज्य

जर्मनीतल्या जारलांड राज्याच्या राजधानीत, जारब्र्युकनला, स्टेशनासमोर ट्राम पकडली आणि अर्ध्या तासात उतरलो ते फ्रान्समधल्या सार्गमिन गावात. पासपोर्ट कुणी विचारला नाही. शेजारच्या आजी भाजीची पिशवी सावरत उतरल्या आणि बाजाराकडे चालू लागल्या.

जारलांड आपल्या गोव्याहूनही लहान आहे, २,५७० चौरस किलोमीटर. पण जमिनीखाली कोळसा होता, त्यामुळे जर्मनी आणि फ्रान्स दोघांचाही डोळा कायम इकडे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाचा कारभार, १९३५ च्या कौलाने जर्मनीत, दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या छायेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जारलांडचा स्वतंत्र संघ उतरला होता! १ जानेवारी १९५७ ला हे पश्चिम जर्मनीचं राज्य झालं, तरी फ्रँक हे फ्रेंच चलन १९५९ पर्यंत चाललं.

मेटलाखजवळचं जार नदीचं वळण सुंदरच आहे, फोटोंत सगळ्यांनी पाहिलेलंही असतं. माझा जीव मात्र फ्योल्कलिंगनच्या पोलाद कारखान्यात अडकला. १८७३ मध्ये सुरू झालेला, १९८६ मध्ये थंडावलेला, १९९४ पासून जागतिक वारसा. सहा झोतभट्ट्या ओळीने उभ्या. गंजलेल्या जिन्याने वर चढताना कठड्याचा तांबूस चुरा तळहाताला लागत होता, आणि खाली पाइपांच्या सांध्यांतून बर्चची झाडं उगवलेली दिसत होती.

आत एका अंधाऱ्या दालनात क्रिस्तियाँ बोल्तान्स्की या कलावंताने युद्धकाळात इथे सक्तीने राबवलेल्या मजुरांचं स्मारक केलंय. दोन्ही बाजूंना गंजक्या पत्र्याच्या खोक्यांच्या भिंती, मध्ये काळ्या कपड्यांचा ढीग, आणि कुजबुजत्या आवाजात उच्चारली जाणारी नावं. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. वर पाहिलेल्या त्या अवाढव्य यंत्रांकडे नंतर पहिल्यासारखं बघवेना.

२०१२ मध्ये शेवटची कोळसा खाणही बंद झाली. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आजोबांनी तिशी खाणीत काढलेली. संध्याकाळी त्यांनी अंगणात बीचच्या लाकडांचा जाळ केला, वर तिकाटण्याला साखळीने जाळी टांगली आणि तिला हलके झोके देत मसाल्यात मुरवलेलं डुकराचं मांस भाजायला घेतलं. "याला श्वेंकर म्हणतात," ते म्हणाले. "जाळीलाही श्वेंकरच म्हणतात. आणि जाळी हलवणाऱ्यालाही." मग साखळी माझ्या हातात देऊन ते ब्रेड आणायला आत गेले.