हाताने लिहिलेले ८०

"मॅडम, बोअर ८० आणि खोली १७? हे कुठलं बेअरिंग बसवताय?"

बोअरिंग मशीनवरच्या काकांचा फोन. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बोअर म्हणजे बेअरिंग बसायचं भोक: व्यास बेअरिंगच्या बाहेरच्या व्यासाइतका, खोली त्याच्या रुंदीइतकी. बाहेरचा व्यास ८० मिलिमीटर म्हणजे ६२०८ नंबरचं बेअरिंग, त्याची रुंदी १८. रुंदी १७ असते ६२०७ची, पण त्याचा बाहेरचा व्यास ७२. ड्रॉइंगवर एक माप एका बेअरिंगचं आणि दुसरं दुसऱ्याचं. आणि खाली "ड्रॉन बाय"मध्ये सही माझी.

आमचं हे हाउसिंग, म्हणजे बेअरिंगचं घर, दोन आकारांत निघतं. बाहेरचा सांगाडा, फ्लँज, बोल्टची भोकं सगळं सारखं. फरक फक्त बेअरिंगच्या बैठकीत. म्हणून सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल एकच, त्यात दोन कॉन्फिगरेशन, म्हणजे वेगळ्या मापांची दोन रूपं. ड्रॉइंग मात्र दोन, वेगवेगळी. आदल्या दिवशी ६२०८च्या ड्रॉइंगमध्ये मी ग्रीसचं एक भोक वाढवलं होतं. दहा मिनिटांचं काम. चेकरने सही केली. आमच्याकडे चेकिंग म्हणजे रिव्हिजनच्या ढगाच्या, बदलाभोवती काढलेल्या वेढ्याच्या, आत काय आहे ते बघणं. ढगाबाहेर आग लागली तरी सही होते. मीही ढगाबाहेर पाहिलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

फाइल उघडली. बेस व्ह्यूच्या, म्हणजे ड्रॉइंगवरच्या मूळ दृश्याच्या, प्रॉपर्टीत गेले आणि तिथेच सापडलं. व्ह्यूने मॉडेलचं कुठलं कॉन्फिगरेशन दाखवायचं, याला दोन पर्याय असतात: नाव देऊन एक ठरवून टाका, नाहीतर मॉडेल शेवटचं ज्यात सेव्ह झालं असेल ते. हा व्ह्यू दुसऱ्या पर्यायावर होता. कित्येक रिव्हिजन तसाच होता आणि कधी काही बिघडलं नव्हतं, कारण मॉडेल नेहमी ६२०८मध्येच सेव्ह होत असे. या वेळी आमच्या ज्युनिअरने काहीतरी बघायला ६२०७ चालू केलं, सेव्ह केलं आणि तो घरी गेला. त्याची चूक म्हणावी तर सेव्ह करणं हा गुन्हा नाही.

बेस व्ह्यू बदलला की त्यातून काढलेला साइड व्ह्यू बदलतो, त्यातून कापलेला सेक्शन, म्हणजे छेद, बदलतो. आईबाप फिरले की पोरं फिरली. कुठे एक रेघ तुटत नाही, एक माप लोंबकळत नाही. भोकंच गायब झाली असती तर मापांचे रंग बदलून बोंब झाली असती. इथे कडा त्याच, फक्त आकार वेगळा, त्यामुळे सगळी मापं आपापल्या कडांना घट्ट चिकटून मुकाट नवे आकडे दाखवू लागली. स्केल १:२. कागदावर बोअर ४० मिलिमीटरचा ३६ झालेला. कोणाच्या डोळ्याला कळणार? ड्रॉइंगचं शीर्षक ड्रॉइंगच्याच प्रॉपर्टीतून येतं, ते अर्थातच हललं नाही.

मग बोअर ८० कसा राहिला? मापावर क्लिक केलं. कोणीतरी, कधीतरी, मापाच्या मजकुरातली, मॉडेलमधून आकडा आणणारी खूण पुसून तिथे "८० एच७" हाताने टाइप करून ठेवलं होतं. एच७ हा टॉलरन्सचा, म्हणजे माप किती कमीजास्त चालेल त्याचा, एक वर्ग. ही खूण पुसताना सॉफ्टवेअर बजावतं, की टॉलरन्स दिसायचा बंद होईल. बजावणं ओके करून पुढे गेलेला तो माणूस कोण, कळायला मार्ग नाही.

या एका गोष्टीवरून मी गेली कित्येक वर्षं पोरांना फैलावर घेते. माप टाइप करायचं नाही. मॉडेल चुकलं असेल तर मॉडेल सुधारा, ड्रॉइंगला खोटं बोलायला लावू नका. आणि आता बघा. ते माप माझ्या शिस्तीप्रमाणे मॉडेलला लिंक असतं, तर तिथे ७२ एच७ आलं असतं. ५०च्या वर ते ८०पर्यंत एच७चा टॉलरन्स एकच, शून्य ते अधिक ०.०३०, म्हणजे तोही खटकला नसता. ७२ आणि १७. ६२०७ची चोख बैठक. काकांना शंका यायचं कारणच नव्हतं. त्यांनी मुकाट्याने बोअर मारला असता आणि ६२०८ असेंब्लीत हातात घेतल्यावर कळलं असतं. ड्रॉइंग वाचवलं ते त्यातल्या एकमेव लबाड मापाने.

काकांना सांगितलं, थांबा, नवीन पाठवते. ते म्हणाले, "थांबलोच आहे. म्हणून तर फोन केला."

बेस व्ह्यूला ६२०८ नाव देऊन बांधून टाकला. पोरं आपोआप मागे आली, १७चे १८ झाले. मग त्या ८०वर आले. खूण परत घातली, टॉलरन्स परत लावला. पडद्यावर आधी होतं तेच दिसलं, ८० एच७. तरी मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले होते. शेवटी सेक्शनमध्ये बोअरच्या शेजारी बाण काढून एक टीप लिहिली: "बेअरिंग ६२०८".

ज्युनिअर मागे उभा होता. "मॅडम, ही टीप कॉन्फिगरेशनच्या प्रॉपर्टीला लिंक करून देऊ? आपोआप बदलेल."

"नको," म्हटलं. "ही राहू दे अशीच."