तुम्ही विचारलंत म्हणून : हायवे ४९ ला बघण्यासारखं आहे तरी काय?

हायवे ४९ म्हणजे कॅलिफोर्नियात १८४८ नंतर सोन्यासाठी झालेल्या धावपळीतल्या गावांमधून जाणारा रस्ता. भारतातून कुणाचे आई-बाबा आले की सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मित्रमंडळींचा फोन ठरलेला. योसेमिटी झालं, पुढे टाहो तळ्याला जायचंय. मधे "तुझी ती सोन्याची गावं" घ्यावीत का? घ्या. फक्त सोनं बघायला म्हणून जाऊ नका.

दक्षिणेकडून आलात की आधी कोलंबिया लागतं. मुख्य रस्त्यावर मोटारींना बंदी, घोडागाडी, जुन्या वेशातली माणसं. फोटो झकास येतात, तासाभरात उरकतं. विटांच्या दुकानांची लोखंडी दारं तेवढी बघा. लाकडी गावं आगीत खाक व्हायची, त्यातून आलेलं ते शहाणपण.

फिडलटाउनला हायवे सोडून थोडं आत जावं लागतं, म्हणून बहुतेक जण टाळतात. तिथे एका चिनी वैद्याचं दुकान उभं आहे, माती ठोकून केलेल्या जाड भिंतींचं. बंद असलं तरी बाहेरून बघा. १८५० साली कॅलिफोर्नियाने परदेशी खाणकामगारांवर महिना २० डॉलर कर बसवला. वर्षभरात तो रद्द झाला आणि १८५२ मध्ये महिना ३ डॉलरच्या रूपात परत आला. वसुली मुख्यतः चिन्यांकडून. एच-वन-बीवाल्यांनी या भिंतींसमोर जरा जास्त वेळ थांबायला हरकत नाही.

कलोमाला १८४८च्या जानेवारीत जॉन सटर या जमीनदाराच्या लाकूड-गिरणीच्या पाटात, ती बांधणाऱ्या जेम्स मार्शलला सोनं दिसलं, आणि धावपळ सुरू झाली. हा मार्शल १८८५ साली कफल्लक अवस्थेत गेला आणि पाच वर्षांनी टेकडीवर त्याचा पुतळा उभा राहिला, बोट सोनं सापडलेल्या जागेकडे. माणूस गेल्यावर पुतळा उभारायची हौस सगळीकडे सारखीच.

खरा वेळ द्या तो ग्रास व्हॅलीच्या एम्पायर माइनला. नदीत थाळी हलवून सोनं वेचायचे दिवस चारच. नंतर उरलं ते खडकातलं, आणि खडक फोडायला भांडवल लागतं. ही खाण १८५० ते १९५६ चालली. जमिनीखाली ३६७ मैलांचे बोगदे, आता पाण्याने भरलेले. तिथल्या एका खोलीत या सगळ्या जाळ्याची प्रतिकृती आहे, रंगीत तारांची. खाण चालू असताना ही खोली गुप्त होती, मोजक्याच लोकांना आत प्रवेश. तारांचा तो गुंता बघितला की कंपनी काय लपवत होती ते न सांगता कळतं. बाहेर मालकाचा दगडी बंगला आणि गुलाबांची बाग. खाली उतरणारे बरेचसे इंग्लंडच्या कॉर्नवॉलचे. त्यांची पेस्टी, म्हणजे आत मांस-बटाटा भरलेली थोरली करंजीच, गावात अजून मिळते. शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या.

हाताशी अर्धा दिवस असेल तर मॅलाकॉफ डिगिन्स. सोन्यासाठी पाण्याच्या प्रचंड फवाऱ्यांनी इथे डोंगरच्या डोंगर धुऊन काढले. गाळ युबा नदीतून खाली गेला, पात्र वर आलं, पूर शेतात आणि खालच्या मेरीसव्हिल गावात घुसले. शेतकरी कोर्टात गेले आणि १८८४ मध्ये न्यायमूर्ती सॉयर यांनी नदीत गाळ सोडायला मनाई केली. उरलेले कडे पांढरे-तांबडे आहेत, आणि दिसतात सुंदर, हेच विचित्र वाटतं. वाटेत कच्चा रस्ता लागतो. गाडी भाड्याची असेल तर करार आधी वाचा, आणि पाणी भरपूर घ्या.