तुम्ही विचारलंत म्हणून: माळ्यावरचा डबा

एप्रिल-मे लागला की नणंद विचारते, भिशीतल्या बायका विचारतात, परवा तर दुकानदारानंही विचारलं: "महिन्याचा मेळ बसत नाही म्हणता, मग हे साठवायला पैसे कुठनं येतात? आणि पूर काय दरवर्षी येतो का वहिनी?" पुरासाठी मी माळ्यावर कोरड्या खाण्याचा डबा भरून ठेवते, त्याचं एकदा सगळं सांगूनच टाकते.

पैसे वेगळे येत नाहीत. होळी झाली की आठवड्याच्या बाजारात एकच जिन्नस पावशेर जास्त घ्यायचा. या आठवड्याला शेंगदाणे, पुढच्याला गूळ, मग फुटाणे, पोहे. चिरमुरे सादळतात, म्हणून ते अगदी शेवटी, जूनमध्ये. पूर आला नाही तर दिवाळीपर्यंत चिवड्यात, लाडवात सगळं संपतं. ब्लाऊजच्या शिलाईतून एवढं निघतं. यात उधळपट्टी कुठं आली?

"रेशनचं धान्य असतं की घरात," असंही म्हणता. असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्येही होतं. आमच्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ च्या वर. कर्नाळ रोडच्या आमच्या घरात शिरलं तेव्हा आम्ही तांदळाचं पोतं डोक्यावर घेऊन शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेलो. अकरा माणसं एका खोलीत. सिलिंडर खाली बुडालेला, लाईट नाही, टाकीत तळाला राहिलेलं पाणी वाटी-वाटीनं प्यायला. पोतं भिंतीला टेकवून ठेवलेलं आणि त्यातला दाणा शिजवायची सोय नाही. शेजाऱ्यांची धाकटी पोरगी पोत्याच्या तोंडाशी बसून कच्चे तांदूळ चघळत होती. तिची आई "पोटात दुखंल गं" म्हणत तिच्या मुठीतून दाणे काढून घ्यायची. थोड्या वेळानं मूठ परत भरलेली असायची.

माझ्या पिशवीत पोराच्या खाऊचे चिरमुरे आणि शेंगदाणे होते. ते मी सगळ्यांच्या मध्ये ठेवले. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. प्रत्येकाला जेमतेम मूठभर आले. पोरानं कानाशी येऊन विचारलं, "आई, हे आपलं होतं ना?" त्याला मी गप्प बस म्हटलं. आज विचारलं तरी याहून बरं उत्तर माझ्याकडं नाही.

पाणी उतरल्यावर सरकारी मदतीचे दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ मिळाले. गहू दळणार कुठं? गल्लीतल्या गिरणीची मोटर चिखलात होती. पोतं भरलेलं असलं की घराला घोर नाही, असं मी लग्न झाल्यापासून मानत आले होते. माझी सासूही तेच मानायची, आणि तिच्या काळी चूल होती, वर सुकी लाकडं होती, घरात जातं होतं. तिचं बरोबरच होतं. माझ्या घरात यातलं काहीच नाही. म्हणून आता जे न शिजवता तोंडात टाकता येतं तेवढंच माळ्यावर चढतं. शिवाय पाण्याचा एक जार आणि मेडिक्लोरची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या औषधाची, बाटली, कारण पोहे भिजवायलाही पाणी चांगलं लागतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा घर सोडावं लागलं, तेव्हा डबा बरोबर होता. पोरगं उपाशी झोपलं नाही.

नवरा म्हणतो, त्या पैशात पोराच्या क्लासचा हप्ता सुटला असता. खरं आहे, सुटला असता, आणि जूनमध्ये हप्ता थकला की मलाही तसंच वाटतं. आमचं खरं भांडण मात्र डब्याच्या मापावरून आहे. तो म्हणतो, चौघांपुरतं ठेव. मी चौघांपुरतंच धरते, आणि दुकानात उभी राहिले की ती कच्चे तांदूळ चघळणारी पोरगी आठवते, मग आणखी अर्धा किलो तोलायला सांगते. अकरा जणांचं माझ्यानं होणार नाही. चौघांचं म्हणून डबा बंद करणंही जमत नाही. यंदाही यावरून आमचं वाजलंय आणि शेंगदाणे अजून आणायचे आहेत.